हिरवी बाजू वर

लानिडलोसच्या वरच्या डोंगरात
एक ओढा आहे, उडीत ओलांडता येईल एवढाच.
एल्फेड प्रॉसर गुडघाभर पाण्यात उभा राहून
टाचेने खडी उकरतो. खाली मी जाळं धरते.

पांढऱ्या ट्रेमध्ये ओततो आम्ही ओढा:
शेवाळ, काटक्या, लोकरीचा गुंता.
शोधायचा तिळाएवढा काळा ठिपका.
पाण्यातला भुंगेरा, पण पोहता येत नाही त्याला.
दगडाला नख्यांनी धरून चालतो,
पोटाच्या लवेवर हवेचा पापुद्रा नेसून.
धावतं पाणीच त्याचा श्वास भरून देतं.
गाळ बसला की संपलं.

गाळ नंतर बसला. आधी ते औषध.
(शहरात फार्मसी चालवते मी. आमच्या गावीही
फवारायच्या विषाला औषधच म्हणतात.)
"चारशे मेंढ्या बुचकळल्या, खरजेसाठी,
आणि निथळत्याच हाकलल्या ओढ्यातून.
जवळची वाट ती.
आठवड्याने बघतो तर पाणी इतकं नितळ
कधीच नव्हतं. बायकोला बोलावून दाखवलं."

मग बराच वेळ तो बुटाची पट्टी आवळत बसतो.

सात ट्रे रिकामे. आठव्यात काहीतरी चालतं.
भिंगाखाली सहा पाय, खड्याला घट्ट मिठी,
पोटाशी चंदेरी रेघ.
वहीत लिहिते: एक.
"नक्की? पुन्हा मोज."
मोजते.

खड्यासकट त्याला सोडून
एल्फेड उलटलेला एकेक दगड
हिरवी बाजू वर करून ठेवत जातो,
वाकून, पंच्याहत्तरीचा माणूस,
डबा तसाच काठावर.