चौदा नंबर

लॉजचा घोडेस्वार गठ्ठा टाकून गेला ओट्यावर,
म्हणे, दुर्पताबाई, बाहेरदेशच्या पोरी हायेत,
फुटबॉल खेळाले आल्या, चार मॅची हायेत,
डाग राहिला तं पैसे कापीन.

अठरा शर्ट. अठरा चड्ड्या. मोजे सदतीस,
एक कोणाचा जास्त, देव जाणे.
देशाचं नाव छातीवर शिवलेलं. मले ते वाचता येत नाई.
मोनालीनं वाचलं, मोबाईलात पाह्यलं,
म्हणे, आई, नकाशात टिंबच दिसत नाई,
दोन बोटांनं मोठं करा लागते.
माणसं किती?
तं म्हणे, आपलं गड्डीगोदाम अन् बाजूचं सदर धर,
त्याच्याहून कमीच.
एवढ्याशा देशाले अकरा पोरी भेटल्या कशा?
आपल्या गल्लीत हळदीकुंकवाले
सात जणी वेळेवर जमत नाईत.

पहिल्या दिवशी नऊ गोल खाल्ले त्यायनं.
मले कोणी सांगतलं नाई,
कपड्यायवरून समजलं मार खाल्ला म्हणून,
आकडा मंग मोनालीनं आणला.
गोलकीपरच्या शर्टाले कोपरापासून बगलेपर्यंत काळी माती,
सारवल्यासारखी.
चार नंबर पडते तं डाव्या कुशीवरच पडते.
दहा नंबर कॉलर चावते दातानं.
सातच्या मोज्याले रक्त. थंड पाण्यानं काढा लागते,
गरमानं पक्कं होते,
हे बाईमाणसाले शिकवा लागत नाई.

अन् चौदा नंबर कोरा.
घडी मोडली तेवढीच.
घामाचा वाससुद्धा नाई, नुसता पेटीतला वास.

धुतला तरी. कोरा म्हणून का सोडाचा?
चर्चच्या भिंतीपासून कडुलिंबापर्यंत दोरी,
त्याच्यावर अठरा जणी उलट्या टांगल्या,
हवा आली तं सगळ्या एकदम पोट फुगवून उभ्या.
शेजारचा म्हातारा जोसेफ खुर्ची घेऊन बसला समोर,
म्हणे, तुमची टीम चांगली हाये, दुर्पता,
डिफेन्स जरा वल्ला हाये.

दुसऱ्या मॅचीत सहा खाल्ले. चौदा कोरा.
तिसऱ्या मॅचीले शाळेतून फुकट पास भेटले,
मोनाली गेली. गळा बसवून आली.
आई, एक गोल मारला त्यायनं! एकच!
अन् अशा नाचल्या, जशा जिंकल्याच.
समोरच्या पोरींनी पाच मारले होते, त्या पाहूनच राहिल्या.
मी विचारलं, चौदा नंबर?
कोणती?
अगं, चौदा.
ते बाहेर बसते, म्हणे, बाकावर, ब्लँकेट गुंडाळून.
आपली जानेवारी त्यायले कुठची सोसते.
पुढ्यात संत्र्याचं टोपलं.
साली काढते, फोडी करते, शिरा काढते एकेक,
अर्ध्या वेळात सगळ्या येऊन
तिच्या हातावरून खातात.

त्या रात्री गठ्ठा सोडला
तं चौदाच्या दोन्ही बाह्यायले पिवळं.
पहिला डाग तिचा.
सोडा लावला. ब्रश मारला दोनदा.
लिंबू नाई लावलं.
लिंबानं गेला असता.

चौथी मॅच मी पाहाले जाणार होती,
पण नळ त्याच दिवशी दुपारी आला.
किती खाल्ले, कोण खेळलं, मले मालूम नाई.
कपडे वल्लेच बॅगेत कोंबून गेल्या म्हणे,
पहाटेचं विमान होतं.
घोडेस्वारानं हिशोबातून वीस रुपये कापले,
म्हणे, बाहीवर डाग.
मी म्हटलं, काप.

सदतीसावा मोजा राहून गेला माझ्यापाशी.
उलटा केला तं पांढरी रेती सांडली ओट्यावर, मिठावाणी बारीक.
आपल्याकडे अशी रेती कन्हानलेही नाई.
मोनाली म्हणे, समुद्राची असन.
झाडून काढली. काही ओट्याच्या फटीत गेली, तिथंच हाये.
मोजा जाड हाये, चांगला हाये.
त्याच्यानंच धरते आता इस्त्रीची मूठ,
हात पोळत नाई.