नकाशातली पांढरी जागा

अलकापुरीत, एसीच्या गारव्यात
हितेनभाईने जहाज टेबलावर उलगडलं.
चौदा मजले, चौदा ड्रॉइंग.
"काका, बाल्कनीवाळी बधी सारी छे."
मी चष्मा पुसला.
तेहेतीस वर्षं मकरपुऱ्यात पॉवर प्रेसवर काढली,
ड्रॉइंग वाचता येतं मला.

अकरावर पोहण्याचा तलाव.
म्हणजे दहावर, पहाटे पाचला, डोक्यावरून
कुणीतरी खुर्च्या ओढणार.
चारवर नाटकघर. म्हणजे पाचव्याला गाणं नाही,
गाण्याचा नुसता धम्म.
पुढच्या टोकाला नांगराची साखळी.
लिफ्टजवळ नको:
गरबा संपवून परतणारी कुटुंबं, दारं,
"चावी तारी पासे छे?" "ना, तारी पासे!"

आणि ही मधली, जिथे काहीच छापलेलं नाही,
ही पांढरी?
"ए तो खाली जगा छे, काका."
हितेनभाई, ड्रॉइंगमध्ये रिकामं काही नसतं.
तिथे भांडी घासतात. बर्फ फोडतात.
तिथे आत्ता एखादा रात्रपाळीला उभा असेल,
कानात कापसाचे बोळे घालून.

सुलेखा हसली.
"शांत खोली हवी म्हणे!
दाराची बेल ऐकू येत नाही यांना.
कुकरच्या शिट्ट्या मी मोजते."

मोजते खरी.
माझी एक शिट्टी तेवढी तिच्या मोजणीत नाही.

शहाण्णव सालापासून उजव्या कानात एक बारीक ई आहे.
पट्टी बदलत नाही. श्वास घेत नाही.
दांडिया बाजारात दिवसभर ती रिक्षांखाली बुडून असते,
वरातीचा डीजे दारावरून गेला
तर मी एकटाच गल्लीत सुखाने उभा राहतो.
पण दणका थांबतो.
आणि थांबला की ई दुप्पट.
सुरसागरला रात्री चकरा मारून पाहिल्या.
ते पाणी बोलत नाही.

कंपनीची सहल एकदा तिथलला गेली होती.
सगळे भजी खात होते, मी ओल्या वाळूत बसलो
आणि पाव तास
कानात कोणीच नव्हतं.
मग बसचा हॉर्न वाजला.

हे सगळं मी हितेनभाईला कसं सांगणार?
म्हटलं, सहावा मजला दाखव.
"सहावा? काका, व्यू तो उपर सारो."
व्यू राहू दे. पाण्याजवळ हवं.
खाली होड्या टांगलेल्या नकोत,
जहाज पाणी कापतं तो आवाज सरळ वर यायला हवा.
आणि कठडा काचेचा नको, गजांचा हवा.

"काचेचाच हवा," सुलेखा म्हणाली,
"खुर्चीत बसून मला दिसणार काय, गज?"

तेव्हा का कोण जाणे,
चहाचे कागदी कप, पासपोर्टच्या झेरॉक्स, कोपऱ्यातलं
प्लास्टिकचं नारळाचं झाड, या सगळ्यांदेखत
मी तिला सांगून टाकलं:
मी तीनला उठून बसतो ना,
ते पाणी प्यायला नाही.

ती काही बोलली नाही.
हितेनभाई फोनमध्ये बघायला लागला.
मग तिने नकाशा आपल्याकडे ओढला,
भाजी निवडताना ओढते तसा,
आणि एकेक मजला बोटाने वर-खाली तपासत गेली.
"ही बघा. वर पलंग. खाली पलंग.
दोन्ही बाजूंना पलंग."
वर झोपलेली माणसं, खाली झोपलेली माणसं,
मधे आम्ही.
कठडा काचेचा होता. मी गप्प बसलो.

"एक विचारायचं होतं," ती हितेनभाईला म्हणाली,
"रात्रभर बाल्कनीचं दार उघडं ठेवलं तर चालतं?"
"एसी बंद थई जशे, काकी."

"होऊ दे."