जित्याची खोड

पेलोतासला जुलैत भिंतींना घाम सुटतो,
कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत,
दुरुस्तीला आलेले फ्रीज माझ्या दुकानात नुसते उभे.
ऐन हिवाळ्यात गारव्याची घाई कुणाला?
म्हणून तो खेळ घेतला. जुनाच, नव्याने घडवलेला.
तीन दिवसांची कमाई गेली,
बायकोला दीडच सांगितले.

समुद्र दिसला तेव्हा मी उठून उभाच राहिलो.
पूर्वी तिथे धुकं असायचं,
यंत्राची गरिबी झाकायला घातलेलं.
आता लाटेवर लाट, दोरखंडाचा पीळ न् पीळ सुटा,
नायकाच्या अंगरख्याची उसवलेली शिवण,
आणि सातवा बुरूज
पहिल्या पायरीवरूनच दिसणारा.
इतकी वर्षं वाटायचं, बेट अफाट आहे.
ते आमच्या बाजारतळाएवढं निघालं.

नेइवाला फोन केला. मावसबहीण, दोन गल्ल्या पलीकडे,
आता शाळेत भूगोल शिकवते.
काखेत थर्मास घेऊनच आली,
आल्या आल्या शिमार्रांवचा भोपळा भरला,
हिरवा कडू पाला, त्यात धातूची नळी.
तेव्हाचा आमचा नियम असा:
खेळातलं दार उघडलं की पडदा काळा,
चकती घरघरायची दीड मिनिट, कधी दोन,
तेवढ्यात एकाने भोपळा संपवायचा
नळी सुर्र वाजेपर्यंत,
मग भरून दुसऱ्याच्या हातात.
जे काही बोललो ते त्या काळोखात बोललो.
तिच्या बापाचं दुसरं घर.
माझं नापास होणं.
आता दार उघडतं आणि लगेच पुढची खोली.
"अरे थांब, झांदिर, प्यायचं कधी?"
पाला भोपळ्यात निवत गेला.

आमची चकती फुटपाथवरची होती,
झेरॉक्सच्या वेष्टनातली, अक्षरं सगळी जपानी.
एक शब्द कळत नव्हता
म्हणून गोष्ट पूर्ण कळली होती.
दीपगृहातली म्हातारी म्हणजे नायकाची आई,
शापामुळे ओळख देत नाही.
हे नेइवाने ठरवलेलं, बारा वर्षांची असताना.
तिथून निघताना दर वेळी
आम्ही नायकाला एकदा मागे वळवायचो,
तिला त्याचं तोंड दिसावं म्हणून.

आता खाली पोर्तुगीज ओळी उमटतात, पिवळ्या, स्वच्छ.
म्हातारी म्हणते: धक्क्याचं भाडं थकलंय तुझं.
तेव्हाही तेच म्हणत होती.
ती वसुली करत होती
आणि आमचे गळे दाटून येत होते.

नेइवा इतकी हसली की नळी दातावर आपटली.
मग गप्प झाली.
मग म्हणाली, ओळी बंद कर.
केल्या. पण आता काय उपयोग,
ओठ हलले की भाडंच ऐकू येतं.

सातव्या बुरुजावर तिसरी उडी.
नेमका तिथे कॅमेरा भिंतीत घुसतो,
नायकाची पाठ सोडून
विटांचं पोट दाखवत बसतो
आणि आपण धाडकन खाली.
एवढा समुद्र ओतलात, एवढे धागे विणलेत,
याच्याकडे बघायला एक माणूस मिळाला नाही?
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,
हा तर मरून परत आला,
खोड पदरात बांधून.
अकरा वेळा पडलो.
कंट्रोलर आपटला. उशीवर. महाग आहे.

"दे इकडे," नेइवा म्हणाली.
तिने डोळे मिटले, खरंच मिटले,
ओठांतल्या ओठांत मोजलं,
एक, दोन, अडीच,
तेव्हाही अडीचच होतं,
आणि कळ दाबली.
पडद्यावर विटा. विटा. विटा.
मग दगडावर पाय टेकल्याचा आवाज.

वरून सगळं बेट दिसत होतं, एवढंसं.
तिने नायकाला वळवला
आणि दीपगृहाकडे तोंड करून उभा ठेवला बराच वेळ.
"भाडं दिलं असतं," ती म्हणाली,
"तर पुढे काय म्हणाली असती रे ती?"

मी थर्मास हलवून पाहिला.
एका भोपळ्यापुरतं पाणी होतं, कोमट.