दुसरा गिअर

पराते मिस्त्रीनं जुन्या पेपरावर मांडलाय
माझ्या फियाटचा गिअरबॉक्स, सुटा सुटा.
शेजारी तसराळ्यात काळं तेल
आणि तेलात पितळेचा भुगा चमकतोय.
मागच्या तेलबदलीनंतर झिजलं तेवढं तरी
इथंच होतं म्हणायचं. कुठं गेलं नव्हतं.

जुनी शुक्रवारी, मे महिना, दुपारचे तीन.
कूलर फिरतोय, त्यातलं पाणी कधीच संपलंय.
"म्याडम, बेअरिंग त टाकाच लागते,
ते गेलं त बॉक्स जाम होते, चालत्या गाडीत.
पण हे रिंग..."
लहान पोरीच्या बांगडीएवढी ती रिंग
तो दोन बोटांवर तोलतो.
"हे तुमचं तुम्ही पाहा.
नवी कोइमतूरहून आली. साडेचार हजार.
नाही टाकली तरी गाडी चालते.
तुम्ही चालवता तशी."

तशी म्हणजे कशी, ते त्याला माहीत आहे.
क्लच. न्यूट्रल. सोडायचा.
जरासा रेस. पुन्हा क्लच.
आणि स्टिअरिंगखालचा दांडा असा आणायचा
की गाडीला कळू नये आपण काही मागतोय.
सेमिनरी हिल्सच्या चढावर
हे मी बोलता बोलता करते.

चौतीस वर्षं महालेखापालांच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या बिलांवर एकच प्रश्न लिहिला:
हा खर्च टाळता आला असता काय?
इथं उत्तर सरळ आहे. आला असता.
जिथं रिंग झिजली तिथं माझा पाय शिकला.
बेरीज जुळते. खातं बंद करावं.

पण मार्चमध्ये मी शलाकाला चावी दिली होती.
भाची माझी, उमरेडच्या खाणीत
साठ टनी डंपर चालवते.
व्हरायटी चौकात सिग्नल सुटला, पहिला पडला,
आणि दुसऱ्याला गाडी अशी करकरली
की पाणीपुरीवाल्यानं मान वर केली.
मागं स्टार बस, हॉर्नवर हात ठेवून झोपल्यासारखी.
तीनदा केलं तिनं. मग उतरली,
चावी बोनेटवर ठेवली:
"मावशी, ही गाडी फक्त तुलाच ओळखते."

मी ते कौतुक म्हणून घरी आणलं.
दोन महिने मिरवलं, भिशीतसुद्धा सांगितलं.
आज या तेलकट पेपरासमोर स्टुलावर बसून
तेच वाक्य पुन्हा वाचते
तर तो शेरा निघतो.
लाल शाईतला.

पराते नवी रिंग गिअरच्या कोनावर दाबून फिरवतो.
"पकडते."
जुनी दाबतो. ती फिरतच राहते,
गुळगुळीत, कुणाचंही न ऐकता.
दात इतके गोल झालेत तिचे
की एखाद्याला वाटावं, किती मवाळ आहे.

"टाका," मी म्हणते.
"रिंग बी?"
"रिंग बी."
तो क्षणभर माझ्याकडं बघतो,
मी दागिना मोडायला काढला असल्यासारखा.
मग चहावाल्या पोराला हाक मारतो.

शनिवारी ऊन उतरल्यावर
शुक्रवारी तलावाच्या कडेनं पहिली फेरी.
पराते शेजारी, मांडीवर पाना.
दुसरा पडला. आवाज नाही.
माझा डावा पाय मात्र दोनदा दाबून मोकळा,
संगणक आला तरी
वहीत लिहून ठेवणाऱ्या आमच्या हेडक्लार्कसारखा.
"एकदाच दाबा न म्याडम, काहून दोनदा?"
"सवय."
"जाईल."

जुनी रिंग त्यानं चिंधीत बांधून दिली.
पर्समध्ये आहे, रुमालाला तेल लागलंय.
शलाकाला फोन केला: रविवारी सुट्टी आहे न, ये.
काय बदललं ते सांगितलं नाही.
ती चालवेल. मी डावीकडं बसेन,
तिथं पुढं नुसता पत्रा आहे, पेडल नाही,
आणि बघेन
व्हरायटी चौकात माझा पाय काय करतो.