निकाल

एव्हारिस्त लाफोंडच्या ट्रकवर भोंगा मी बांधायचो.
सुतळीनं. तार खाऱ्या वाऱ्यात आठ दिवसांत गंजते.
जायफळाच्या वखारीपासून धक्क्यापर्यंत
तो बोलत सुटायचा,
घसा बसला की लिंबू चोखायचा,
पुन्हा तेच: बायांनो, भावांनो, तुमचं मत!
नीरफणसाखाली डॉमिनो खेळणारे मान वर करत नसत,
पण सोंगटी हातातच राहायची.

आन्स मार्तच्या कोळ्यांना त्यानं शब्द दिला:
या वाळूवर कुणाचं कुंपण पडणार नाही.
निकाल लागला त्या रात्री खांद्यावर घेतला त्याला.
माझा डावा खांदा
ढग दाटले की अजून सांगतो.

मग मंत्री. दोन वर्षं शेती, तीन बंदरं.
मग वादळ. छपरं गेली, सरकार गेलं,
हा पडला एकोणीस मतांनी.
ट्रंकेतला काळा कोट झटकून
वकिली धरली पुन्हा,
आणि एक दिवस कुणीतरी वर नेऊन बसवला.
रमच्या दुकानात हसले सगळे:
दुधाच्या राखणीला मांजर!

मीही कोर्टात लागलो. आरोळी माझी, उभे राहा!
भोंगा गेला, घसा उरला.
आणि तो, ज्यानं कधी कुणाचं वाक्य
पुरं होऊ दिलं नाही,
तो ऐकतो. पेन्सिल कुरतडत ऐकतो.
मत मागणारा माणूस मत राखून ठेवतो.
न्यायमूर्ती म्हणतात.
मूर्तीला घाम येतो, हे फक्त मला दिसतं.

अकराव्या वर्षी हॉटेलचा खटला आला. आन्स मार्तचा.
पिंजऱ्यात फिलोमेन चार्लरी, हाताला माशाचा वास,
म्हणाली, साहेब, शब्द तुमचाच होता.
विचारा या भोंगेवाल्याला.
पंखा फिरत होता. तेवढाच.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि कागद उलटे ठेवून म्हणाला,
हा खटला माझ्यापुढे चालणार नाही.

हॉटेलवाले चिडले. कोळी जास्त चिडले.
मंगळवारच्या बोटीनं दुसऱ्या बेटावरून
कुणी परका न्यायाधीश येणार आहे,
त्याला आन्स मार्त नकाशात शोधावं लागेल.

संध्याकाळी धक्क्यावर, झगा काखेत गुंडाळून,
त्यानं फिलोमेनकडून दोन बांगडे घेतले.
ती काही बोलली नाही.
पैसे मात्र मोजून घेतले.
दोनदा.