मुद्देमाल क्र. ४

ठाणे कोर्टात भूत सीलबंद आहे.
लाखेखाली रबराचा चेहरा,
डावा गाल उंदरांनी कुरतडलेला.

निर्मात्याचा मुलगा म्हणतो, आमचं.
लेखकाची बायको म्हणते,
ह्यांनी लिहिलं, चहा मी करत होते.
सहा भाग, अकरा वर्षं, पुढची तारीख.

समोर चेंदणीचा हिराजी तांडेल
कैफियतीच्या झेरॉक्स काढतो,
पान दीड रुपया.
त्या रबरात घामेजून तोच चालायचा,
एक पाय ओढत.
वागळे इस्टेटच्या बंद कारखान्यात
पहिल्याच दिवशी मुरगळलेला, खरोखरचा.
दोनशे पानांत त्याचं नाव नाही.

काल नात शाळेतून आली
तसाच पाय ओढत, बोटं वाकवून.
कोणी शिकवलं गं?
"सगळेच करतात."

हिराजीने पुढचं पान ठेवलं, झाकण उघडंच.
हिरवा उजेड
त्याच्या हनुवटीखालून वर सरकला.