भिंग

टॉवेलवर केस सापडला तर अख्खी गाठोडी परत येते.
अकरा वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडात
मी हेच बघते: सुटलेली दशी, तेलाचा डाग, केस.
पांढऱ्या टेरीवर काळा केस
दोन हातांवरूनही दिसतो.
दिवाळीनंतर तो माझाच असायचा.

सकाळच्या पाळीत तीन, दुपारी सात.
रुमाल बांधला, रुमालावर टोपी.
सुपरवायझर येमुल काही बोलला नाही,
नुसता एक टॉवेल माझ्यापुढं ठेवून गेला.
त्या रात्री न्हाणीच्या जाळीतून
बोटभर गुंता काढला,
कागदात बांधून फळीवर ठेवला.
का, ते विचारू नका.

अम्मा म्हणाली, नजर.
शेजारची राजम्मा म्हणाली, कांद्याचा रस.
आठ दिवस माझ्याजवळ कोणी डबा उघडला नाही.

नरसिमलूचं वेगळं. माझा धाकटा, सत्तावीसचा,
कपाळ वरवर चढत चाललेलं,
दोन मुलींकडून "कळवतो" आलेलं.
त्यानं मंगळवार बाजारातून तेल आणलं, तीन बाटल्या.
बाटलीवरच्या माणसाला इतके केस होते
की त्याला तेलाची गरजच नव्हती.

शेवटी दोघं गेलो सात रस्त्याला, हत्तुरे बाईंकडं.
बाईंनी माझी एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली.
सहा केस हातात आले.
"दोन-तीन महिन्यांमागं काय झालं होतं?"
काही नाही, म्हटलं.
मग आठवलं: गणपतीत डेंग्यू,
सिव्हिलमध्ये आठ दिवस सलाईन.
मी विसरले होते. डोकं विसरलं नव्हतं.

त्यांनी दिव्याचं भिंग माझ्या भांगावर टेकवलं
आणि मला हसू फुटलं.
असंच भिंग माझ्या टेबलावर असतं,
इंचात किती धागे, ते मोजायला.
"इंचात किती भरतात, बाई?"
"मोजले नाहीत. पण बारीक नवे दिसतायत."
मुळं मेली नाहीत, म्हणाल्या, तापानं झोपलीत.
रक्त तपासू, लोह कमी असलं तर भरून काढू.
बाकी वाट बघायची. सहा महिने, जास्तही.
वीज गेली की माग थांबतो,
ताणा तसाच ताणलेला असतो.
हे त्या नाही म्हणाल्या. हे मी म्हटलं, मनात.

मग नरसिमलू खुर्चीत बसला.
भिंग बराच वेळ फिरत राहिलं.
"इथं लव आहे. हे औषधानं टिकेल,
थोडं जाडही होईल. पण रोज लावायचं.
सोडलंत की जाईल."
"आणि इथं?"
बाईंनी भिंग उचललं.
"इथलं परत येईल असं मी सांगणार नाही."
"म्हणजे रफू होईल, नवा टॉवेल नाही."
त्या हसल्या नाहीत.
मला वाटलं, तेल विकणाऱ्यानं
हे एवढं तरी त्याला फुकट सांगायचं.
रिक्षात तो गप्प.
कन्ना चौकात म्हणाला, "खरं बोलली पण."

आता मे आहे. पत्रा तापून शेड भट्टी झालाय.
माझ्या कपाळाशी बोटाएवढे नवे केस उभे,
वेणीत बसत नाहीत, तेलानं दबत नाहीत,
अम्मा म्हणते, साळिंदर.
फळीवरचा कागद अजून तिथंच आहे.

रात्री पाळी सुटली की नरसिमलू
दाराच्या दिव्याखाली पाटावर बसतो, मान खाली घालून.
माझं कामाचं भिंग त्याच्या टाळूवर.
"यायलालंय का बघ की, अक्का."
मी मोजते. दशी मोजावी तसं, नखानं बाजूला करत.
"एकोणीस."
"मागच्या महिन्यात?"
"अठरा."
तो मान वर करत नाही.
एक जास्त. किंवा मागच्या वेळी
माझीच मोजणी चुकली असेल.